वास्तूंचे जतन आणि वस्तीचे विस्मरण

(बेलापूर, नवी मुंबई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी हा बारावा. महाराष्ट्रात या निर्णयाचे उत्स्फूर्त स्वागत झाले आणि ते रास्तच होते. मात्र अभिनंदनाच्या गजरात एक साधा प्रश्न मागे पडला. सह्याद्रीतले आणि कोकणातले एवढे किल्ले भग्नावस्थेत का आहेत? ऊन, पाऊस आणि काळाचा ओघ हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर असे की, १८१८ साली पेशवाई बुडाल्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने अनेक गडांच्या वाटा, पायऱ्या, दरवाजे आणि तट ठरवून, सुरुंग लावून उद्ध्वस्त केले. त्याच ब्रिटिश सत्तेने १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा केला आणि आपल्या राज्यकारभाराच्या सुसंस्कृतपणाचा पुरावा म्हणून तो जगापुढे मांडला.

या दोन कृतींत वरवर विसंगती दिसते. वस्तुतः ती एकाच धोरणाची दोन टोके आहेत. हे धोरण नीट समजून घेतल्याखेरीज आज वारशाच्या नावाने जे काही चालले आहे त्याचा उलगडा होणार नाही. त्या उलगड्यासाठी नवी मुंबईइतके योग्य ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल. येथे खाडीकाठी बेलापूरच्या किल्ल्याचा बुरूज उभा आहे, पलीकडे समुद्रात घारापुरीचे बेट आहे, आणि या दोहोंच्या परिसरात एका संपूर्ण शहरासाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या आहेत.

गड आणि गडाचे राखणदार

किल्ला ही जशी लष्करी वास्तू असते तशीच ती एक अर्थव्यवस्थाही असते. मराठी राज्यात गडाची राखण हवालदार, सबनीस आणि पगारी शिबंदी यांच्यावर जितकी अवलंबून होती तितकीच ती घेऱ्यातील गावांवर अवलंबून होती. रामोशी, कोळी, बेरड, महार, मांग या समाजांकडे गस्तीची आणि पहाऱ्याची कामे असत. रानवाटांची माहिती त्यांना असे, गवत-लाकडाचा पुरवठा त्यांच्या श्रमावर चाले. या सेवेच्या मोबदल्यात इनाम जमिनी, धान्य आणि निरनिराळे हक्क ठरलेले असत. या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. तिच्यात जातीची उतरंड होती आणि कष्टाचा मोठा वाटा तळच्यांच्या माथी होता. परंतु तिचे एक वैशिष्ट्य मान्य केले पाहिजे. गड शाबूत राहण्यात घेऱ्यातल्या माणसाचा स्वतःच्या चरितार्थाचा संबंध होता. तट ढासळला, टाकी गाळाने भरली, तर त्याची झळ त्याला लागत असे. जतन हे वेगळे खाते नव्हते. ते रोजच्या जगण्यात सामावलेले होते.

कंपनी सरकारला गड नको होते, त्याची कारणे उघड आहेत. असंतुष्टांना तेथे आसरा मिळाला असता, आणि शिबंदी ठेवावी तर खर्च वाढला असता. म्हणून किल्ल्यांच्या पाहण्या झाल्या, अहवाल लिहिले गेले आणि नासधूस झाली. बेलापूरचा किल्ला त्यांतलाच. सोळाव्या शतकात जंजिऱ्याच्या सिद्दीकडे, पुढे पोर्तुगीजांकडे आणि १७३३ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आलेला हा किल्ला १८१७ साली इंग्रजांनी घेतला आणि त्याची मोडतोड केली. रायगडावर मे १८१८ मध्ये तोफांचा मारा झाला आणि आगीत राजवाड्यांची राख झाली.

दगडांच्या या नासधुशीची नोंद इतिहासाने घेतली. तिच्याबरोबर जे मोडले त्याची नोंद मात्र पुरेशी झालेली नाही. गड गेले तेव्हा गडाच्या राखणीवर जगणाऱ्यांच्या जमिनी आणि हक्क धोक्यात आले, नोकऱ्या बुडाल्या. पुरंदरच्या परिसरात १८२६ च्या सुमारास उमाजी नाईकांच्या नेतृत्वाखाली रामोशांनी उठाव केला. सह्याद्रीच्या माथ्यावरचे कोळी १८२८ पासून पुन्हा पुन्हा उठले, आणि राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. पाठ्यपुस्तकांत ही बंडे देशभक्तीच्या प्रकरणात येतात. अर्थशास्त्राच्या प्रकरणातही त्यांना जागा मिळाली पाहिजे, कारण हक्काचे उत्पन्न गमावलेल्या श्रमिकांचा तो संघर्ष होता. पुढे याच रामोशी-बेरडांसारख्या जमातींवर सरकारने ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. गडाचा राखणदार सरकारी दप्तरात चोर ठरला, आणि गडाची राखण करणारे कोणी उरले नाही.

मोडणाऱ्याच्याच हाती राखण

भारताच्या अन्य भागांतही हेच घडले. लाहोर-मुलतान रेल्वेच्या बांधकामासाठी हडप्पाच्या विटा वापरल्या गेल्या. १८५७ नंतर दिल्लीच्या लाल किल्ल्यातील बहुतांश महाल पाडून तेथे गोऱ्या शिपायांच्या बराकी उभारण्यात आल्या. घारापुरीच्या बंदराजवळ एक प्रचंड दगडी हत्ती होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८६४ साली तो विलायतेला नेण्याच्या खटपटीत यारीवरून पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे जोडले गेले आणि आज तो हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेलगत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. त्याआधी पोर्तुगीजांनी घारापुरीच्या लेण्यातील शिलालेख काढून पोर्तुगालला धाडला आणि तो तेथे नाहीसा झाला, असे दियोगो दु कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. ही लेणी कोणी खोदविली याबद्दल विद्वान अजून वाद घालत आहेत. त्या वादाचे एक कारण लिस्बनच्या वाटेवर हरवले आहे.

अशा पार्श्वभूमीवर १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व पाहणीचे काम सुरू झाले. मध्यंतरी ते बंद पडले आणि १८७१ मध्ये पुन्हा उभे राहिले. लॉर्ड कर्झन याने १९०२ साली जॉन मार्शल यांना महासंचालक नेमले आणि १९०४ चा सातवा कायदा संमत करून घेतला. या कामाचे मोल नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. अजिंठा, कार्ले, घारापुरी येथील शिल्पे आज पाहता येतात याचे काही श्रेय त्या खात्याकडे जाते. बांधकामासाठी जुन्या वास्तूंचे चिरे उचलून नेणारे सगळेच काही परके नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेव्हा प्रश्न त्या खात्यातील विद्वानांच्या निष्ठेचा नाही. प्रश्न त्या कायद्यामागच्या राजकारणाचा आहे.

कर्झनची भूमिका त्याच्या भाषणांतून स्पष्ट होते. या देशात अनेक धर्म, अनेक राजवटी होऊन गेल्या. त्या साऱ्यांच्या अवशेषांकडे निःपक्षपातीपणे पाहणे परक्या राज्यकर्त्यालाच शक्य आहे, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. म्हणजे परकेपणा हाच राखणदारीचा अधिकार ठरला. येथील माणसे आपसात भांडणारी आणि स्वतःच्याच पूर्वजांच्या कृतीबद्दल बेफिकीर, म्हणून त्यांच्या वारशाचे पालकत्व इंग्रजांकडे! हाच युक्तिवाद राज्यकारभाराच्या प्रत्येक क्षेत्रात लावला जात होता. स्मारकांच्या बाबतीत तो अधिक सोज्वळ दिसला इतकेच. १८९९-१९०० च्या दुष्काळात पश्चिम भारतात माणसे अन्नावाचून मरत असताना याच व्हाइसरॉयच्या सरकारचे लक्ष मदतकार्याचा खर्च आटोक्यात ठेवण्यावर होते, आणि १९०५ साली बंगालची फाळणी करणाराही हाच व्हाइसरॉय होता.

१९०४ च्या कायद्याचा एक परिणाम विशेष लक्ष देऊन पाहण्याजोगा आहे. ज्या वास्तूत नियमितपणे धर्मविधी होतात ती सक्तीने संपादन करू नये, असे बंधन त्या कायद्याने सरकारवर घातले होते. १८५७ नंतरच्या सावधगिरीचा तो भाग होता. पण त्यामुळे कायद्याच्या डोळ्यांना दोनच प्रकारच्या वास्तू दिसू लागल्या. एक, माणसांशी संबंध तुटलेले मृत अवशेष, आणि दुसरी, धर्माची जिवंत स्थाने. वास्तूच्या परिसरात राहणे, तेथे गुरे चारणे, तिथल्या तळ्याचे पाणी भरणे, तिच्या दुरुस्तीत हात घालणे या नात्यांना त्या कायद्यात राखणदारीच्या अधिकाराचे मूळ मानलेले नव्हते. लोकांचा वास्तूशी जो एक जिवंत संबंध सरकारला महत्त्वाचा वाटला तो धर्माचा. आज स्मारकांवरचे बहुतेक दावे धर्माच्या भाषेत मांडले जातात यामागे अनेक कारणे आहेत. परंतु शंभर वर्षे सरकारदरबारी हीच भाषा अधिक ऐकली गेली, हे त्यांतले एक महत्त्वाचे कारण आहे.

साम्राज्यांची एकच रीत

इंग्रजांपुरतीच ही रीत मर्यादित नव्हती. जावामधील बोरोबुदूर या बौद्ध स्तूपातील मूर्ती आणि शिल्पे डच सरकारने १८९६ साली सयामच्या राजाला भेट म्हणून गाड्या भरभरून दिली, आणि १९०७ ते १९११ या काळात त्याच स्तूपाची शास्त्रशुद्ध दुरुस्ती करून आपल्या कर्तबगारीची द्वाही फिरवली. फ्रेंचांनी १९०७ साली सयामकडून अंगकोरचा प्रदेश मिळवला आणि अंगकोरचे रक्षण हे आपले संस्कृतिकार्य असल्याचे जाहीर केले. १९३१ च्या पॅरिसमधील वसाहतींच्या प्रदर्शनात अंगकोरच्या मंदिराची भव्य प्रतिकृती उभारण्यात आली. १९२३ साली याच परिसरातील बांतेय स्रेई मंदिरातून शिल्पे काढून नेल्याबद्दल आंद्रे मालरो या तरुण फ्रेंच लेखकाला अटक झाली होती. हाच मालरो १९५९ साली फ्रान्सचा संस्कृतिमंत्री झाला. ज्यांचे पूर्वज ही देवळे घडवीत होते ते कंबोडियन शेतकरी या सगळ्या कथेत मजूर म्हणूनच येतात.

लोकांनी जपलेली स्मृती

वसाहतीतल्या लोकांना आपल्या वारशाची पर्वा नव्हती, हा दावा महाराष्ट्राच्या इतिहासाला सोसणारा नाही. महात्मा फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवरील पोवाडा प्रसिद्ध केला आणि शूद्रातिशूद्रांचा राजा म्हणून महाराजांची प्रतिमा उभी केली. जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ साली रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिले तेव्हा महाराष्ट्रात अस्वस्थता पसरली. न्यायमूर्ती रानडे आदींनी प्रश्न हाती घेतला. लॉर्ड रे याच्या मुंबई सरकारने समाधीच्या देखभालीसाठी मंजूर केलेली रक्कम होती वर्षाला पाच रुपये! ज्या सरकारच्या तोफांनी रायगड जळाला त्या सरकारने केलेले हे मोल. १८९५ साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून निधी उभारण्याची हाक दिली तेव्हा सामान्य माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे पाठविले. भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी यांच्यासारखे संशोधक आणि १९१० साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांची कामगिरी लक्षात घेतली, तर वारशाच्या अभ्यासाची आणि रक्षणाची स्वतंत्र देशी परंपरा सरकारी खात्याला समांतर चालत होती, हे स्पष्ट होते.

साम्राज्याला या स्मृतीची ताकद कळत होती, म्हणून तिला आपल्या बाजूला वळविण्याचाही प्रयत्न झाला. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींनी साम्राज्यासाठी रक्त सांडल्यानंतर, १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. गड फोडणाऱ्या सत्तेच्या वारसाने गडपतीच्या स्मारकाची पायाभरणी केली!

उलट दिशेचे उदाहरणही आहे. कोरेगाव भीमा येथील स्तंभ कंपनी सरकारने १ जानेवारी १८१८ च्या लढाईतील आपल्या विजयाचे स्मारक म्हणून उभारला. त्यावर महार सैनिकांची नावे कोरलेली होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि साम्राज्याच्या त्या विजयस्तंभाला जातिगुलामीविरुद्धच्या लढ्याचे प्रतीक म्हणून नवे जीवन मिळाले. चिरा तोच राहिला, त्याचा अर्थ पालटला. स्मारकाचा अर्थ ते बांधणाऱ्याच्या किंवा राखणाऱ्याच्या मालकीचा नसतो, हे या स्तंभाने दाखवून दिले आहे.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले?

स्वतंत्र भारताने १९५८ साली नवा कायदा केला. २०१० साली त्यात दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरचा निषिद्ध पट्टा आणि त्यापुढे दोनशे मीटरचा नियंत्रित पट्टा ठरविण्यात आला. बिल्डरांच्या हावेला आवर घालण्यासाठी असा नियम हवाच. परंतु कायद्याचा सांगाडा वसाहतकालीनच राहिला. स्मारक कोणते हे सरकार ठरविणार, राखण सरकारी खाते करणार, आणि सभोवतालची वस्ती ही स्मारकाला असलेली बाधा समजली जाणार.

घारापुरी हा याचा सर्वात बोलका दाखला आहे. तेथील लेणी १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेली. त्यापूर्वी १९८५ च्या अधिसूचनेने संपूर्ण बेट आणि किनाऱ्याभोवतीचा एक किलोमीटरचा पट्टा निषिद्ध क्षेत्र ठरला होता. या बेटावर राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर ही तीन गावे आहेत. देशोदेशीचे प्रवासी रोज बोटी भरून येत होते, त्रिमूर्तीसमोर नतमस्तक होऊन संध्याकाळी परतत होते. आणि त्यानंतर ही गावे अंधारात बुडत होती. मुंबईचे झगमगते दिवे जेथून डोळ्यांनी दिसतात त्या बेटावर समुद्राखालून वीजवाहिनी टाकून कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी आणि जागतिक दर्जा मिळाल्यानंतर तीस वर्षांनी! लेण्याच्या तिकिटाचे पैसे केंद्राच्या तिजोरीत जातात. गावकऱ्यांच्या वाट्याला येतो तो ग्रामपंचायतीचा थोडका प्रवासी कर आणि दुकाने, खानावळी, वाटाडेपणा यांतून मिळणारी अनिश्चित कमाई. दगडाला लाभलेली सुरक्षा दगडाच्या शेजाऱ्याला लाभली नाही.

दुसरीकडे, २०१७ पासून ‘वारसा दत्तक’ योजनेखाली स्मारकांच्या सोयीसुविधा खासगी कंपन्यांकडे सोपविण्यास सुरुवात झाली. एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीचा लाल किल्ला पाच वर्षांसाठी दालमिया भारत समूहाकडे गेला. स्मारकाच्या पालकत्वात भागीदार लागतोच, हे सरकारने अशा रीतीने कबूल केले. मग तो भागीदार कंपनीच का, ग्रामसभा का नाही, याचे उत्तर कोणी द्यायचे?

नवी मुंबईचा दाखला

या शहराची कहाणी वारशाच्या प्रश्नाशी निगडित आहे. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील पंचाण्णव गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी मुक्रर झाला. नकाशावर ही भूमी जणू मोकळी पडली होती. प्रत्यक्षात तेथे आगरी-कोळी समाजाची भातखाचरे, मिठागरे, मासेमारीच्या जागा, गावठाणे आणि ग्रामदेवता होत्या. खाजणात समुद्राचे पाणी अडवून शेती पिकविणारे बांध पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने उभे राहिले होते. कोणत्याही तटबंदीइतकेच ते मानवी कौशल्याचे स्मारक होते, पण कोणत्याही यादीत त्यांना स्थान नव्हते. बघता बघता त्यांवर भराव पडले.

जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्याचे फलित आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे असा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ साली केला. नावाचा आग्रह न्याय्य आहे. पण कुटुंबे वाढली, गावठाणे वाढू दिली गेली नाहीत, म्हणून ग्रामस्थांनी जी ‘गरजेपोटी’ घरे बांधली ती नियमित करण्याचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत ठेवायचा आणि नेत्याचे नाव तेवढे कमानीवर कोरायचे, ही पुन्हा वास्तू राखून वस्ती विसरण्याचीच रीत झाली.

बेलापूरचा किल्लाही याच नात्याने पाहिला पाहिजे. त्याच्या उरलेल्या बुरुजाचे आणि तटाचे जतन करण्याचा कार्यक्रम सिडकोने हाती घेतला हे स्वागतार्ह आहे. परंतु किल्ल्याच्या कुशीत गावठाण आहे, गोवर्धनी मातेचे स्थान आहे, खाडीवर जगणारी कुटुंबे आहेत. या लोकांच्या तोंडी किल्ल्याच्या कथा आहेत, जुन्या जागांची नावे आहेत. दुरुस्तीचा आराखडा करताना त्यांना विचारात घेतले नाही, तर चुन्याने सांधलेला बुरूज उभा राहील आणि त्याच्याभोवती राहील ती फक्त महागड्या सदनिकांची जाहिरात.

स्मारक म्हणजे काय, याचा विचारही व्यापक झाला पाहिजे. येथून जवळच उरण तालुक्यात चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, आणि नाग्या महादू कातकरी यांच्यासारखे श्रमिक धारातीर्थी पडले. जंगलावरील हक्कासाठी कातकऱ्याने प्राण दिले ते रान आणि जमिनीच्या दामासाठी शेतकरी पडला तो जासईचा रस्ता, ही गडांइतकीच या भूमीची स्मारके आहेत. पर्यटकांच्या नकाशावर ती क्वचितच येतात.

सूडाने वारसा राखता येत नाही

गेल्या काही वर्षांत स्मारकांच्या राजकारणाने धोकादायक वळण घेतले आहे. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणाच्या निमित्ताने जमलेल्या जमावाने पायथ्याच्या गजापूर गावातील घरांची आणि मशिदीची नासधूस केली. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने किल्ल्यांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी जिल्हावार समित्या नेमल्या. मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीचा वाद पेटवला गेला आणि नागपुरात दंगल उसळली. ती कबर ज्या केंद्रीय कायद्याने संरक्षित आहे त्याच कायद्याने शिवछत्रपतींच्या गडांनाही संरक्षण मिळते. एकीकडे कायद्याची ढाल मागायची आणि दुसरीकडे तीच मोडायला निघायचे, ही वारशाबद्दलची आस्था नव्हे. गोव्यात २०२२ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीजांनी पाडलेली देवळे पुन्हा उभारण्यासाठी वीस कोटी रुपये ठेवण्यात आले. पोर्तुगीजांनी देवळे पाडली हे निर्विवाद सत्य आहे. पण चार शतकांपूर्वीच्या अन्यायाची भरपाई सरकारी तिजोरीतून करू लागलो, तर खाणींनी आणि जमिनीच्या सौद्यांनी आजच्या गोवेकराचे जे हिरावून घेतले त्याची भरपाई कोणत्या खात्यातून होणार?

अतिक्रमण नाहीच, असे कोणी म्हणणार नाही. गडावर हॉटेल बांधणारा धनिक आणि पिढ्यान्‌पिढ्या घेऱ्यात राहून ताक-भाकर विकणारी बाई यांना एकाच नोटिशीत बसविणे मात्र अन्यायाचे आहे. धर्म पाहून नोटीस बजावणे हा तर कायद्याचाच अपमान आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांतल्या काही नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकराला आजही टांगलेल्या आहेत. त्यांच्या नादाने कोणा भाविकाची भक्ती बाटली नाही. इतिहास असा एकमेकांत गुंतलेला असतो. तो सोडवून प्रत्येक धर्माच्या पदरात त्याचा त्याचा गुंडा टाकू पाहणारे अखेर सगळ्यांचेच सूत तोडतात.

कोणत्या मागण्या करायच्या?

समाजवादी विचाराने या प्रश्नाकडे पाहायचे तर चार मागण्या पुढे येतात. पहिली, संरक्षित स्मारकाच्या प्रवेशशुल्काचा ठराविक वाटा त्या गावाच्या ग्रामसभेला कायद्याने मिळाला पाहिजे. तो उपकार म्हणून नको, राखणदारीचा मोबदला म्हणून हवा. दुसरी, गडांवरील डागडुजी, टाक्यांची साफसफाई, वाटांची निगा ही कामे घेऱ्यातील भूमिहीन आणि आदिवासी कुटुंबांच्या सहकारी संस्थांना रोजगार हमीच्या दराने नव्हे, कुशल कारागिराच्या मजुरीने दिली पाहिजेत. चुन्याची घाणी आणि दगडाची घडाई शिकलेला गावातला तरुण कोणत्याही ठेकेदाराहून गडाला अधिक जपेल. तिसरी, निषिद्ध पट्ट्यात पूर्वापार राहणाऱ्यांची घरे, त्यांची वाढ, वीज आणि पाणी यांची तरतूद स्मारकाच्या आराखड्याचाच अविभाज्य भाग झाली पाहिजे. चौथी, स्मारकांच्या यादीत श्रमिकांच्या लढ्यांच्या जागा, मिठागरे, खाजणबांध, गिरण्या यांना स्थान मिळाले पाहिजे. आणि प्रत्येक किल्ल्यावरच्या फलकावर तो कोणी बांधविला याबरोबरच तो कोणी राखला आणि कोणी मोडला, हेही लिहिले पाहिजे.

या मागण्यांना खर्चाचे कारण सांगून नकार देता येणार नाही. ज्या सरकारांना जागतिक दर्जाच्या सोहळ्यांसाठी पैसा सापडतो त्यांना तिकिटाच्या पैशातला वाटा घारापुरीच्या गावकऱ्यांना देणे जड जाऊ नये. खरी अडचण दृष्टीची आहे. परक्या राज्यकर्त्याने येथील माणसावर अविश्वास दाखवून वारशाचे पालकत्व स्वतःकडे घेतले. स्वराज्याच्या सरकारने तो अविश्वास वारशासकट स्वीकारला. गडाच्या घेऱ्यातला माणूस जेव्हा पुन्हा गडाचा हक्काचा राखणदार होईल, तेव्हाच १८१८ साली लागलेला सुरुंग खऱ्या अर्थाने निकामी होईल. त्या दिशेने ग्रामसभांचे ठराव गोळा करण्याचे काम बेलापूर, घारापुरी आणि चिरनेरपासून सुरू करता येण्याजोगे आहे, आणि ते कार्यकर्त्यांनी या वर्षीच हाती घेतले पाहिजे.